अर्ध्या तिकिटाच्या दोघी

११ जानेवारी

ठरलं! परदेशात जायचं. विमानाने. चौघांनी.

हे डेपोतून आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात, हातात कागदाची गुंडाळी. बसगाड्यांची वेळापत्रकं बनवायचं काम ह्यांचं, त्यामुळे घरात काहीही सांगायचं झालं की आधी कागद पसरायचा. मी कपबशा उचलल्या, तो पसरला. एप्रिलमधलं मंगळवारचं विमान, शाळांना सुट्टी लागायच्या आधीचं, म्हणून स्वस्त. उतरल्यावर बस. राहायला एका बेकरीच्या माडीवरची खोली, शेगडीसकट, म्हणजे जेवण आपलं आपण. आणि बुधवारी दिवसभर ते मोठं पार्क — पाळणे, बोटी, भुतांचा बंगला, सगळं.

"सगळं बसतंय," हे म्हणाले. "फक्त कुणी आजारी पडायचं नाही आणि कुणी बाहुली-बिहुली मागायची नाही."

भिंगरीने टेबलाभोवती फेऱ्या मारल्या. लेक दहा वर्षांची झाली तरी पाय एका जागी ठरत नाहीत, उगाच नाही हे नाव पडलं. सासूबाई म्हणाल्या, "मला म्हातारीला कशाला नेता, मी घर सांभाळीन." आणि असं म्हणता म्हणता पलंगाखालची बॅग ओढून तिच्यावरची धूळ पुसायला बसल्या.

१२ जानेवारी

मी माझ्या शिवणाच्या दुकानात दिवसभर गुणगुणत होते. एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवल्या. तरी गुणगुणतच होते.

१८ जानेवारी

त्या पार्कात तिकिटासाठी वय विचारतच नाहीत — उंची विचारतात! एकशे चाळीस सेंटिमीटरच्या खाली असलात की अर्धं तिकीट. हे मोबाइलवर वाचता वाचता थांबले. आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे बघितलं, मग भिंगरीकडे, मग माझ्याकडे.

"टेप आण."

आणायची कुठून, ती गळ्यातच असते. दुकान टाकलं तेव्हा शिवण शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली. तेव्हा पिवळीधमक होती, आता चहाच्या रंगाची झाली आहे आणि टोकाची पितळी पट्टी झिजून गुळगुळीत. दुसरी टेप मी हातात धरत नाही. हिनेच गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, हिनेच कापड आखायचं. इतक्या वर्षांत एक कपडा परत आलेला नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. बरं, थोडं फुशारकीने.

स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून दोघींना उभं केलं. भिंगरी एकशे सदतीस. आई एकशे साडेअडतीस.

"दोन अर्धी!" ह्यांनी टेबलावर थाप मारली. पेन्सिल काढून कागदावर दोन खाडाखोडी केल्या, चेहरा असा की जणू डेपोला दोन बस फुकट मिळाल्या.

"म्हणजे मी अर्धी," आई म्हणाल्या. "नातवंडं झाली, दात पडले, आणि आता अर्धं तिकीट. उद्या बसमध्ये मला कुणाच्या तरी मांडीवर बसवाल."

पण हसत होत्या. आम्ही सगळेच हसत होतो.

२५ जानेवारी

आई आणि भिंगरी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून. त्या पार्कात एक गाडी आहे, रुळांवरून सरसर वर चढते, माथ्यावर क्षणभर थांबते आणि मग सबंध उलटी होऊन खाली येते. माणसं किंचाळतात आणि उतरल्यावर लगेच पुन्हा रांगेत उभी राहतात. आईंनी तिला 'उलटा पाळणा' असं नाव दिलं आहे. आज तो किती वेळा बघितला देव जाणे.

"मला ह्यात बसायचंय," आई म्हणाल्या.

इतकं साधं म्हणाल्या की आम्ही आधी ऐकलंच नाही. आई काही मागत नाहीत कधी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा ऐकलं, 'मला अमुक हवंय.'

मग भिंगरीने पाटी वाचली. एकशे चाळीसच्या खाली असलेल्यांना उलट्या पाळण्यात मनाई.

आईंनी मोबाइल पालथा ठेवला. हे मला नंतर हळूच म्हणाले, "आईला ही उंचीची भानगड नको होती." गोष्ट मला माहीत आहे, पण ह्यांनी पुन्हा सांगितली, मीही पुन्हा ऐकली. आईंना तरुणपणी बसची कंडक्टर व्हायचं होतं. लेखी परीक्षेत पहिल्या आल्या. मग भिंतीवरच्या पट्टीखाली उभं केलं. कारकून म्हणाला, "बाई, टाचा टेकवा." आई म्हणाल्या, टेकवल्यात. तो म्हणाला, "टेकवलेल्या असत्या तर इतक्याही भरला नसतात," आणि मागे उभी असलेली सगळी माणसं हसली. घंटीच्या दोरीला हात पोचतो, ओढून दाखवते, असंही आई म्हणाल्या. पण कारकुनाने पुढच्या बाईला बोलावलं. नंतर आयुष्यभर टेलिफोनच्या बोर्डावर काम केलं. बसून काम, तिथे उंची कोण बघतो.

तो डेपो म्हणजे ह्यांचाच डेपो. ती पट्टी अजून भिंतीवर आहे म्हणे, आता तिच्यावर छत्र्या अडकवतात.

रात्रीचं जेवण झाल्यावर आईंनी जाहीर केलं, "अजून तीन महिने आहेत. वाढू."

७ फेब्रुवारी

घरात दोन पक्ष पडलेत. वाढणाऱ्यांच्या पक्षात आजी आणि नात. गॅलरीच्या दाराला ह्यांनी कपडे वाळत घालायला मजबूत दांडा लावलाय, त्याला सकाळी दोघी लोंबकळतात. आई स्टुलावर चढून दांडा धरतात, भिंगरी स्टूल काढून घेते, मोठ्याने दहा मोजते आणि स्टूल परत सरकवते. एकदा परत सरकवायला विसरली, बाहेर मांजर बघायला गेली. मी धावत गेले तर आई लोंबकळत शांतपणे म्हणतात, "असू दे गं, फायदाच आहे."

न वाढणाऱ्यांच्या पक्षात हे एकटेच. भिंगरीने दुसरा पेला दूध मागितलं की ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. "एप्रिलनंतर वाढ ना बाळा, कोण नको म्हणतंय?"

पाळणा चालेल का विचारायला मी आईंना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी छाती तपासली, रक्त तपासलं, म्हणाले, "ह्यांना न्या बेलाशक. तुम्ही मात्र जपून बसा."

दुकानात एक त्रासदायक प्रकार. शेजारचे दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्याचे पडदे मी शिवलेत. खिडकीचं माप त्यांनी स्वतःच घेऊन चिठ्ठीवर दिलं होतं, मी त्या आकड्याला बरोब्बर कापले. आता म्हणतात पडदे लांब झालेत, फरशीवर लोळतात. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही माप चुकीचं घेतलंत." ते म्हणाले, "मी दाताच्या भोकाचं माप घेतो बाई, खिडकी तर केवढी मोठी." मी खालची पट्टी कापून दिली. पैसे घेतले नाहीत. उरलेलं कापड त्यांनी माझ्याकडेच ठेवलं.

८ फेब्रुवारी

अजून राग गेलेला नाही. माझी टेप, आणि चूक?

२२ फेब्रुवारी

आज शेवटचं माप. ह्या महिनाअखेरपर्यंत पार्कची तिकिटं काढली तरच सवलत, नंतर भाव वाढतात. हे कागद घेऊन बसलेले, पेन्सिल कानावर.

भिंगरी एकशे साडेसदतीस. ह्यांनी श्वास सोडला.

आईंनी चपला काढल्या. अंबाडा सोडला, केस सपाट केले. दाराला पाठ लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टाचा टेकवल्यात मी. तू वाकून बघ." मी वाकले. टेकवलेल्या होत्या. पितळी पट्टी पायाशी धरली, टेप वर नेली, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवलं. एकशे साडेअडतीस. पुन्हा मोजलं. भिंगरी मला म्हणाली, "आई, थोडं सैल धर ना!" मी तिसऱ्यांदा मोजलं.

मला खोटं बोलता आलं असतं. घरात बोलले असते, पण तिकडच्या दारातल्या पट्टीचं काय करणार होते? "साडेअडतीसच आहेत आई," म्हटलं.

"बरं," आई म्हणाल्या. अंबाडा पुन्हा घातला. काटे तोंडात धरून म्हणाल्या, "मग अर्धंच काढ रे. पूर्ण काढून करायचं काय? मी आणि ही, आम्ही दोघी खाली बाकावर बसून आइस्क्रीम खाऊ. पिशव्याही सांभाळायला कुणी हवं."

हे म्हणाले, "आई, भिंगरीलाही नाहीच बसता येणार त्यात."

"तेच म्हणते. सोबत आहे मला."

ह्यांनी तिकिटं काढली. दोन पूर्ण, दोन अर्धी. दांडा आज रिकामाच होता, मी त्यावर टॉवेल वाळत घातले.

३ मार्च

आज मी चिडले. ह्यांच्यावर नाही, पण ऐकून ह्यांनी घेतलं.

तिकिटांबरोबर बारीक अक्षरात सूचना आली आहे. अर्ध्या तिकिटावर येणाऱ्या प्रत्येकाची उंची दारात मोजली जाईल. म्हणजे आई पुन्हा एकदा अनोळखी माणसांच्या रांगेत पट्टीखाली उभ्या राहणार. नात बघत असताना. आणि ह्या वेळी बुटकी आहे हे पटवून देण्यासाठी!

"पूर्ण तिकीट घेऊ," मी म्हटलं. "पाळण्यात नाही बसल्या तर नाही. पण त्या पट्टीखाली नको."

ह्यांनी कागद पुढ्यात ओढला. मग एकेका ओळीवर पेन्सिल ठेवून दाखवलं. हे काढलं तर खोली जाते. ते काढलं तर येतानाची बस जाते. शेवटी एक ओळ होती, 'अडीअडचणीचं पाकीट'. मी तिच्यावर बोट ठेवलं. "ह्याला नाही हात लावायचा," हे म्हणाले. "परमुलखात आई आजारी पडली तर?" आवाज असा होता की मी बोट काढून घेतलं. आपल्या आईला तो दिवस पुन्हा दाखवायची हौस ह्यांना तरी आहे का?

आई बाहेरून म्हणाल्या, "मला ऐकू येतं हं. कान उंचीवर नसतात. उभी राहीन की पट्टीखाली. ह्या वेळी निदान पास तरी होईन."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दोन्ही एकदम.

१५ मार्च

पिशव्यांचं खूळ! स्वस्त तिकिटावर विमानात माणशी एकच छोटी पिशवी, तीही त्यांनी दिलेल्या मापाची. मोठी निघाली तर दंड. तयार पिशव्या बघून आले, किमती ऐकून हात न लावता परत आले. मग म्हटलं, शिवणारीच्या घरात पिशव्या विकत? दातांच्या डॉक्टरांचं पडद्याचं कापड होतंच, निळं, जाडसर. आत पुठ्ठा घालून चार पिशव्या शिवल्या. लांबी, रुंदी, उंची — टेपने आखून, केसाचाही फरक नाही. भिंगरीच्या पिशवीला बाहेरून ससा लावला. आईंनी आपल्या पिशवीला आतून चोरकप्पा मागितला. कशाला विचारलं तर म्हणाल्या, "चोरकप्पा कशाला हे सांगितलं तर तो चोरकप्पा कसला?"

२९ मार्च

पासपोर्ट आले. आईंचा पहिलाच. फोटोत अशा दिसतात जणू फोटोवाल्यालाच रागावतायत. दिवसभर हातरुमालात गुंडाळून घरभर फिरवला. भिंगरीने सांगितलं, "आजी, ह्याच्यात उंची लिहितच नाहीत." आई म्हणाल्या, "शहाणी माणसं आहेत."

५ एप्रिल

आई तिकडची भाषा शिकतायत. मोबाइल बोलतो, त्या म्हणतात. तीन शब्द पक्के झालेत — 'धन्यवाद', 'पाणी' आणि 'नाही'. बाकीच्यांची गरज नाही म्हणतात, टेलिफोनवर सगळी नोकरी ह्याच तीन शब्दांत झाली. टेलिफोनवर पाणी कशाला लागायचं, विचारलं नाही.

लोंबकळणं मात्र बंदच. भिंगरी एकटी लोंबकळते. उलट्या पाळण्याचा व्हिडिओ लागला की आई उठून चहाचं आधण ठेवतात. आम्हा कुणालाच चहा नको असतो, तरी पितो.

१९ एप्रिल

भिंगरी एकशे साडेअडतीस! आजीला गाठलं. पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या तर डोक्यांवर ताट ठेवता येईल. हे म्हणाले, "बुधवारपर्यंत ह्याच्यापुढे जायचं नाही, आई शपथ." आई म्हणाल्या, "कुठल्या आईची?"

भांडी आवरली. झाडांना पाणी घालायला दातांच्या डॉक्टरांकडे किल्ली दिली. त्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाले, "झाडांना किती पाणी ते मोजून सांगू नका, मी घालतो अंदाजाने." टोमणा होता. मीही हसले.

२१ एप्रिल, मंगळवार

बेकरीच्या माडीवर! खाली पाव भाजतात, खोलीभर वास. खिडकी उघडली तर समोर छपरं, एका छपरावर कबुतरांना दाणे टाकणारा माणूस, आणि लांब, अगदी लांब, तो उलटा पाळणा. भिंगरी खिडकीत बसून हलेना. ती एका जागी बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

विमान छान. आईंनी खिडकीची जागा घेतली आणि ढगांना 'धन्यवाद' म्हणून पाहिलं.

एकच गोष्ट मनाला लागली. विमानतळावर पिशव्या तपासायला लोखंडी चौकट होती. पिशवी आत गेली तर बरोबर, नाही तर दंड. माझी पिशवी आत जाईना! करंगळीएवढी जास्त. चारही पिशव्यांचं तेच. ह्यांनी गुडघ्याने दाबून पुठ्ठे मुडपले तेव्हा कुठे शिरल्या. तिथला माणूस हसून 'जा' म्हणाला. मी विमानभर पुठ्ठे सरळ करत बसले. त्यांची चौकट लहान असणार. डॉक्टरांची खिडकी लहान, विमानवाल्यांची चौकट लहान — सगळं जग माझ्या मापाला आखडतंय की काय!

उद्या सकाळी लवकर निघायचं. आईंनी केस धुतले. विचारलं तर म्हणाल्या, "उभं राहायचंच आहे तर नीटनेटकं उभी राहीन."

२२ एप्रिल, बुधवार

दारात पट्टी होती, वरून सरकणारा दांडा. मागे लांब रांग. आई पुढे झाल्या. चपला काढल्या, पाठ लावली. दारावरच्या मुलीने दांडा खाली आणला, तो डोक्यावर टेकला. तिने आकडा बघितला, आईंच्या हातातलं तिकीट बघितलं, आणि म्हणाली — नाही. आईंच्या तीन शब्दांतला एक. आईंनी खाली बघून चपला शोधायला सुरुवात केली. "कळलं गं," म्हणाल्या, मराठीत. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग भिंगरीने आकडा वाचला. "आजी, एकशे चाळीस आणि वर अर्धा! अर्धं तिकीट चालणार नाही म्हणतेय ती. तू मोठी आहेस!"

भिंगरीचंही तेच. माझी टेप! इतकी वर्षं गळ्यात लोंबून, ओढली जाऊन ताणली गेली आहे, आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. अंगही तिनेच मोजायचं आणि कापडही तिनेच, मग चूक कळणार कशी? पडदे, पिशव्या, आणि आई. डॉक्टरांची माफी मागायची आहे.

ह्यांनी अडीअडचणीचं पाकीट काढलं. "हीच ती अडचण," म्हणाले, आणि दोन पूर्ण तिकिटं घेतली. इतका पैसा जाताना ह्यांना इतकं हसताना मी पाहिलेलं नाही.

उलटा पाळणा तीनदा. मी एकदाच, डोळे मिटून. आई तिन्ही वेळा पहिल्या डब्यात, भिंगरीशेजारी. उतरल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, आवाज बसलेला. माझा हात धरून म्हणाल्या, "तू वहीत लिहितेस ना रोज? मग हेही लिही. टाचा टेकवलेल्या होत्या."

टेकवलेल्या होत्या. मी वाकून बघितलं होतं.